मिशनरी गायिका, मुक्काम हमद टाउन

शुक्रवार, १७ मार्च १९९५

सासूबाई काल गावाहून इथे आखातात आल्या. एअरपोर्टवर मी हार घेऊन गेलो होतो. तो पाहून त्या म्हणाल्या, "अजून कोण येणार हाय?" तुमच्यासाठीच आहे म्हटल्यावर त्यांनी तो आमच्या मुलीच्या, श्रावस्तीच्या गळ्यात घातला. श्रावस्ती दहा वर्षांची. "आजी, इट्स इची," म्हणून तिने तो गाडीच्या आरशाला अडकवला. स्वागत समारंभ तिथेच संपला.

ही डायरी आमच्या जयंती मंडळाच्या इतिहासाला पुढेमागे उपयोगी पडावी म्हणून लिहितो आहे. मंडळाचा अध्यक्ष मी आणि सेक्रेटरीही मीच, कारण दुसरं कुणी पुढे येत नाही. तेव्हा इतिहासासाठी नोंद: लीलाबाई, म्हणजे आमच्या सासूबाई, परभणीकडच्या पहिल्या बाई ज्या माईक धरून बाबासाहेबांची गाणी गायल्या. बायकांनी जलशात उभं राहणं म्हणजे काय होतं तेव्हा! सासरे ढोलकीवर, त्या पुढे, आणि बैलगाडीतून गावोगाव पस्तीस वर्षं. कॅसेटवाले एकदा आले होते. सिनेमाच्या चालीवर गा म्हणाले. सासूबाईंनी त्यांना चहा पाजला आणि बसस्टँडचा रस्ता दाखवला. त्यामुळे गाणी सगळीकडे गेली, नाव कुठेच नाही. बारशाला, खुरपणीला बाया गातात आणि म्हणतात, आमच्या आजीचं गाणं आहे.

सासरे जाऊन तीन वर्षं झाली. तेव्हापासून सासूबाई गात नाहीत. गळ्याच्या डॉक्टरांना दाखवलं, दोष काही नाही. संघप्रियाने, म्हणजे माझ्या बायकोने, त्यांना इथे बोलावून घेतलं ते त्यासाठीच. रात्री मला म्हणाली, "आई नुसती गुणगुणली तरी मला पुरे आहे हो."

मी म्हटलं, काळजी करू नकोस, मी आहे ना. तिने दिवा मालवला.

रविवार, १९ मार्च

कल्पना सुचली! यंदा चौदा एप्रिल शुक्रवारी येते. दरवर्षी आपण जयंती कुणाच्या तरी हॉलमध्ये, म्हणजे बैठकीच्या खोलीत, सोफा बाल्कनीत ठेवून साजरी करतो. यंदा खरा हॉल घ्यायचा आणि सासूबाईंचं गाणं ठेवायचं. हॉल भरलेला पाहिला की गळा आपोआप उघडेल.

शेजारच्या सिराजला सांगितलं. सिराज रत्नागिरीचा, मनामाच्या बाजारात कपड्याच्या दुकानात हिशेब लिहितो आणि ढोलकी अशी वाजवतो की खालच्या मजल्यावरचा मिसरी, म्हणजे इजिप्तचा, माणूस दार ठोठावायला येतो आणि ऐकत बसतो. त्याने विचारलं, "मिशनरी गायिका म्हणजे काय रे? नन?" मी त्याला समजावलं की आमच्यात बाबासाहेबांच्या कामाला मिशन म्हणतात आणि ते काम गाण्यातून करणाऱ्याला मिशनरी गायक. घरोघरी लहान पोरालाही ठाऊक असतं.

"तुमच्या घरोघरी," सिराज म्हणाला. उगाच खुसपट काढायची सवय आहे त्याला.

बुधवार, २२ मार्च

हॉल मिळाला! आणि तोही फुकट! आज मी स्वतःवर बेहद्द खूश आहे.

सलमाबादच्या आमच्या वर्कशॉपचे मॅनेजर कुरियाकोस साहेब. केरळचे. टेबलावर येशूचा फोटो आणि त्याच्या खाली उशिरा येणाऱ्यांचं रजिस्टर. अदलियात त्यांच्या मेव्हण्याचं रेस्टॉरंट आहे, त्याच्या वरचा हॉल दर शुक्रवारी त्यांच्या मंडळींकडे असतो. एसीच्या डक्टचं ड्रॉइंग दाखवायच्या निमित्ताने आत गेलो आणि म्हटलं, "साहेब, हमारी सासूबाई आयी हैं. बहुत बडी मिशनरी सिंगर."

साहेब खुर्चीत ताठ बसले. "युवर मदर-इन-लॉ? मिशनरी?"

"येस सर. पैंतीस साल. गाव गाव, बैलगाडी में."

"कौनसा मिशन?"

"मिशन तो एकही है, सर."

हे वाक्य मला ऐन वेळी सुचलं. साहेबांनी डोळे मिटून मान हलवली. "ट्रू. वेरी ट्रू. शामराव, तुम भी कन्वर्ट हुआ है?"

"मेरा फादर, सर. नागपूर, नाइन्टीन फिफ्टी सिक्स. एकही दिन में लाखों लोग."

"लाखों! वन डे!" साहेबांच्या हातातलं पेन खाली पडलं. "किसने किया?"

"बाबासाहेब ने."

"बाबासाहेब," ते पुटपुटले. "कितना बडा काम. और हम लोग को किसीने बताया नहीं."

आपला इतिहास कसा दडपला जातो याचा हा पुरावा! मग आमच्या बावीस प्रतिज्ञा आहेत हेही मी सांगितलं. साहेब थक्क झाले. "ट्वेंटी टू? हमारा कमांडमेंट तो दस ही है." मी म्हटलं, हळूहळू वाढतील, सर.

तारीख विचारली. मी म्हटलं, चौदह एप्रिल. ते म्हणाले, "फोर्टीन्थ? बट दॅट इज गुड फ्रायडे!"

"वेरी गुड फ्रायडे, सर. सबको छुट्टी है."

साहेबांनी उठून माझा हात दोन्ही हातांत धरला. तेरा वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा. आमची माणसं चाळीसच्या आसपास, बाकीच्या खुर्च्या त्यांची मंडळी भरतील असंही म्हणाले. बाबासाहेबांचं नाव काढलं की माणूस कसा बदलतो ते आज पाहिलं.

गुरुवार, ३० मार्च

संध्याकाळी सिराज ढोलकी घेऊन आला. मी त्याला सांगून ठेवलं होतं की सहज आल्यासारखं कर. तो सहज आल्यासारखा ढोलकी घेऊन आला. बसला आणि सुरू झाला.

सासूबाई वाटाणे सोलत होत्या. थोडा वेळ ऐकून म्हणाल्या, "हात गोड हाय पोराचा. घरी आई हाय का तुझी?"

"हाय ना, खाला. रत्नांग्रीत."

"तिला ऐकव जा." आणि वाटाणे घेऊन आत गेल्या.

मी मागोमाग गेलो. म्हटलं, आई, एक कडवं तरी. त्या म्हणाल्या, "जावई, पस्तीस वर्षं त्यांच्या थापेवर मी पाय टाकला. आता दुसऱ्याची थाप पडली की मला वाटतं, त्यांच्या जागेवर कुणी येऊन बसलंय. तोंडच उघडत न्हाई बघा."

म्हणून मी त्यांना मध आणि कोमट पाणी नेऊन दिलं.

मंगळवार, ४ एप्रिल

कुरियाकोस साहेबांनी केबिनमध्ये बोलावून कार्यक्रमाची चौकशी केली. आपली माणसं काय घालून येतील? म्हटलं, सगळे पांढरे कपडे. साहेब म्हणाले, आमचेही पांढरेच. बाबासाहेबांबद्दल हा आदर! मी खिरीचं काढलं तर त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. "नो नो, शामराव. दॅट डे, नो स्वीट. ओन्ली कंजी." कंजी म्हणजे तांदळाची पेज आणि बरोबर उकडलेले मूग. सिराज म्हणतो, आजारी माणसाचं जेवण आहे. मला मात्र साहेबांचा साधेपणा आवडला. जयंतीवर उधळपट्टी नको असं मीही गेल्या वर्षी भाषणात म्हटलं होतं.

शनिवार, ८ एप्रिल

ढोलकीला आक्षेप आहे तर यंत्र आणू, म्हणून एकाकडून कॅसिओचा कीबोर्ड उसना आणला. त्यात माणसाची थाप नाही, तेव्हा कुणाच्या जागेवर कुणी बसण्याचा प्रश्न नाही. श्रावस्तीने बटण दाबलं. "दिस इज वॉल्ट्झ, आजी." दुसरं दाबलं. "दिस इज डिस्को." सासूबाईंनी तिसरं स्वतः दाबलं. कोंबडा आरवला. त्या पोट धरून हसल्या. मी लगेच म्हटलं, आता गा! हसू बंद झालं.

नंतर संघप्रिया माझ्यावर उखडली. "तुम्ही हॉलवाल्याला विचारलं, सिराजभाईंना विचारलं, साहेबांना विचारलं. आईला विचारलं का, गाशील का म्हणून?"

"त्यांच्यासाठीच तर चाललंय सगळं."

"तुमच्या मंडळासाठी चाललंय. मला हॉल नको आहे. लहानपणी मी सकाळी तिच्या आवाजाने उठायची. आता हे घर असलं काय आणि ते असलं काय, सगळं मुकं आहे. तुम्ही तिला चारचौघांत उभी करून ती नाही म्हणाली ना, तर पुन्हा कधीच गाणार नाही."

मला हे लागलं. खरं सांगायचं तर भीतीही वाटली. पण आता हॉल रद्द करायचा म्हणजे साहेबांना काय सांगायचं?

सासूबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "जयंतीला येईन की. हार घालीन. गाणार न्हाई." म्हणजे अर्ध्या तरी तयार आहेत.

गुरुवार, १३ एप्रिल

अदलियात जाऊन हॉल पाहून आलो. रेस्टॉरंटच्या दाराशी इंग्रजीत पोस्टर: मिशनरी सिंगर सिस्टर लीला. घरी सांगितलं तर संघप्रिया माझ्याकडे बघत राहिली. "आई सिस्टर कधीपासून झाली?" मी म्हटलं, केरळमध्ये आदराने तसं म्हणत असतील. ती म्हणाली, "तुम्ही साहेबांना नेमकं काय सांगितलंय?" मी सगळं सांगितलं, आमचा पूर्ण संवाद. बावीस प्रतिज्ञांपर्यंत येईस्तोवर तिने डोक्याला हात लावला होता. का ते सांगेना. "आता उद्या कळेलच," एवढंच म्हणाली.

शनिवार, १५ एप्रिल

काल लिहायला हात चालला नाही. आज क्रमाने लिहितो.

पाचला पोचलो. दारातच एका बाईंनी मला छोट्या स्टीलच्या पेल्यात काहीतरी दिलं. सरबत समजून एका घोटात प्यालो. कारल्याचा रस, त्यात व्हिनेगर! डोळ्यांतून पाणी आलं. बाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि त्यांच्याही डोळ्यांतून पाणी आलं. मला काही कळेना.

हॉलमध्ये त्यांची साठ-सत्तर माणसं पांढऱ्या कपड्यांत, खाली माना घालून बसलेली. हसणं नाही, बोलणं नाही. आमची मंडळी निळ्या पताका घेऊन "जय भीम, जय भीम" करत शिरली आणि दारातच थबकली. मी पुढच्या टेबलावर बाबासाहेबांचा फोटो मांडला, शेजारी बुद्धमूर्ती. कुरियाकोस साहेब लगबगीने आले आणि फोटोपुढे थांबले.

"शामराव. ये तो डॉक्टर आंबेडकर है."

"येस सर. बाबासाहेब."

"ये बाबासाहेब है?"

"दुसरा कौन, सर?"

साहेबांनी बुद्धमूर्तीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग भिंतीवरच्या क्रूसाकडे. "वो लाखों लोग... कन्वर्ट होके..." मी मूर्तीकडे बोट दाखवलं. साहेब जवळच्या खुर्चीत बसले.

तेव्हा माझ्या डोक्यात सगळा उजेड पडला. आमच्यात कुणी बाबासाहेबांना आडनावाने हाक मारत नाही, म्हणून मी ते एकदाही घेतलं नव्हतं. आणि मिशनरी म्हणजे जगात आणखीही काही असतं हे मला सुचलंच नव्हतं. सिराज मागून म्हणाला, "बोललो होतो ना, तुमच्या घरोघरी." त्याला मारावंसं वाटलं.

साहेब भले माणूस. ओरडले नाहीत. हळू आवाजात म्हणाले की आज त्यांचा येशू गेला तो दिवस, मरताना त्याला आंब पाजली होती त्याची आठवण म्हणून दारात तो कडू पेला. त्यांची माणसं सकाळपासून उपाशी आहेत आणि सिस्टर लीलाचं गाणं ऐकायला थांबली आहेत. आता त्यांना काय सांगू? तेवढ्यात सिराजने सवयीने ढोलकीवर एक थाप मारली आणि सगळा हॉल दचकला. "नो ड्रम! प्लीज! टुडे नो ड्रम, नो म्यूझिक. हम लोग चर्च का बेल भी नहीं बजाते."

आमच्यातले दोघेतिघे चिडले. बाबासाहेबांच्या जयंतीला ढोलकी नाही? मग घरी जाऊ, बाल्कनीत सोफा ठेवू. खुर्च्या सरकल्या. मी मध्ये उभा, तोंडात कारलं.

सासूबाईंनी सिराजला विचारलं, "काय म्हणायलेत ते?"

"खाला, त्यांच्या घरचं माणूस गेलंय आजच्या दिवशी. वाजवू नका बोलतात."

"बरोबर बोलायलेत की. मयताच्या घरी ढोलकी वाजवतेत व्हय कुठं?" त्या उठल्या. आमच्या चिडलेल्यांना म्हणाल्या, "बसा खाली. लाज न्हाई वाटत?" ते बसले. मग त्या पुढे गेल्या, बाबासाहेबांना हार घातला आणि वळून त्या पांढऱ्या कपड्यांतल्या बायांकडे बराच वेळ बघत राहिल्या. मला वाटलं, आता परत येतील.

त्या गायला लागल्या.

पेन ठेवला बाबानं, शाई ओली अजून,
पोरी, तुझ्या हाती दिला, लिही पुढं बसून.

माईक नाही, ढोलकी नाही, काही नाही. आवाज पहिल्या ओळीला फाटला, दुसऱ्या ओळीला सापडला. मी हे गाणं कधी ऐकलं नव्हतं. जयंतीला कुणी शोकाचं गातं का, असं एरवी मी म्हटलं असतं. संघप्रियाने माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की म्हणता आलं नाही.

दुसऱ्या कडव्याला त्यांच्यातल्या एका बाईंनी तोंड न उघडता खालचा सूर धरला. मग आणखी चौघींनी. भाषेचं एक अक्षर कळत नसेल. आणि आमच्या मागच्या रांगेतून एक पुरुषी आवाज आला. गंगाखेडचा एक वेल्डर, सलमाबादच्या कॅम्पात राहतो, कधी कुणाशी बोलत नाही. तो उभा राहून पुढची ओळ सासूबाईंच्या आधीच गात होता. नंतर रडत म्हणाला, "हे माझ्या मायचं गाणं हाय. तिनंच रचलं असं मला वाटायचं."

"तुझ्या मायचंच हाय बाबा," सासूबाई म्हणाल्या.

श्रावस्तीने मला हलवलं. "पप्पा, हाऊ डझ दॅट अंकल नो आजीज साँग?" मी तिला जवळ ओढलं आणि खिशात रुमाल शोधत राहिलो. मंडळाच्या अध्यक्षाला भाषणही करता आलं नाही, अशी नोंद इतिहासासाठी करून ठेवतो.

मग सगळे पेज जेवलो. उपाशी पोटी फार चांगली लागते. सासूबाईंनी तिथे सांगितलं, छप्पन सालच्या डिसेंबरात बाबासाहेब गेल्याची बातमी आली तेव्हा जलशातल्या पुरुषांना हुंदक्यांनी गाता येईना. नवऱ्याने ढोलकी उलटी करून ठेवली. तेव्हा या भाकरी थापायच्या सोडून उठल्या आणि हे गायल्या. आयुष्यातलं पहिलं गाणं. "ह्या गाण्याला त्यांनी कधी वाजवलंच न्हाई. म्हणून आज तोंड उघडलं..." आणि पदराने तोंड पुसलं.

परतताना गाडीत मी म्हटलं, "आई, मला खात्री होती तुम्ही गाणार."

"मला न्हवती बा," त्या म्हणाल्या.

सोमवार, १७ एप्रिल

काल संध्याकाळी कुरियाकोस साहेबांचं बोलावणं होतं. त्यांचा देव परत उठला, आता ढोलकी चालेल म्हणाले. सिराज गेला, सासूबाई गेल्या. तिथे त्यांनी गाणं मध्येच थांबवून सिराजला झापलं, "पळतोस कुठं? गाडी चुकायलीय का?" तो एवढा खूश झाला की रात्री तीनदा येऊन मला सांगून गेला.

आज सकाळी मला गजराने जाग आली नाही. स्वयंपाकघरातून आवाज येत होता. सासूबाई भाकरी थापत होत्या आणि जुनं काहीतरी, बारशाचं असावं, मोकळ्या गळ्याने म्हणत होत्या. संघप्रिया दाराशी जमिनीवर बसली होती. नाश्ता नाही, डबा नाही, श्रावस्तीची वेणी नाही. मी म्हटलं, "आई, पुढच्या वर्षी आपण..." सासूबाईंनी पिठाचा हात वर केला. मी बायकोशेजारी जाऊन बसलो. तिने डोकं माझ्या खांद्यावर टेकलं. गाण्याला खूप कडवी होती. सगळी ऐकली.

कंपनीची बस गेली. टॅक्सीने सलमाबादला पोचलो तर साहेब रजिस्टर उघडून बसलेले. उशिराचं कारण विचारलं.

"सासूबाई गा रही थी, सर."

त्यांनी पेनचं टोपण लावलं. "कौनसा वाला?"

मला गाता येत नाही हे संघप्रिया लग्नापासून सांगत आली आहे. तरी दार लावून घेतलं आणि दोन ओळी म्हणून दाखवल्या. साहेबांनी डोळे मिटून खालचा सूर धरला.